बॅप्टिस्ट मंडळीचा इतिहास लिहायचा आहे (नवी मुंबई): स्थापनेची तारीख कोणती धरायची, वाढ कशी मोजायची?

घणसोलीकर

सलाम. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका मराठी बॅप्टिस्ट मंडळीची (म्हणजे चर्चची) स्मरणिका काढायचं ठरलं आहे. पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) निरोपाचं एक पान आणि जाहिरातींची चाळीस, असा अंक नको. मंडळी कशी उभी राहिली आणि कशी वाढली, हे कागदावर सिद्ध होईल असं लिहायचं आहे.

समितीच्या हाताशी सभासद नोंदवही आहे, बाप्तिस्म्याची (पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षाविधीची) दोन रजिस्टरं आहेत (एकाची मधली काही पानं ओल लागून चिकटली आहेत), इतिवृत्ताच्या सात वह्या, बदलीपत्रांची (सभासद एका मंडळीतून दुसरीत जाताना मिळणाऱ्या पत्रांची) एक फाइल, ट्रस्टचं प्रमाणपत्र आणि बिस्किटांच्या डब्यात भरलेले फोटो.

पहिली अडचण तारखेची. घरातली पहिली प्रार्थनासभा, पहिला बाप्तिस्मा, ट्रस्टची नोंदणी, इमारतीचं समर्पण: प्रत्येकाचं साल वेगळं. कोणतं धरायचं? दुसरी वाढीची. रविवारी हॉल भरलेला असतो, पण नोंदवहीतला आकडा त्याच्या निम्मासुद्धा नाही. मग मंडळी वाढली की नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

तलावपाळी

तारखेआधी नावाचा गोंधळ मिटवा, कारण ठाण्यातला प्रत्येक दुसरा वाचक इथेच अडकतो. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च हे बॅप्टिस्ट पंथाचं नाही. ते कॅथलिक आहे, पोर्तुगीज काळापासूनचं. त्याच्या नावातला 'बाप्टिस्ट' म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, येशूला यार्देन नदीत बाप्तिस्मा देणारा संत. बॅप्टिस्ट पंथाची सुरुवात १६०९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या इंग्रज निर्वासितांच्या एका लहान गटातून झाली आणि १६१२ च्या सुमारास लंडनजवळ त्यांची इंग्लंडमधली पहिली मंडळी उभी राहिली. हे चार ओळींत पहिल्याच पानावर द्या. नाहीतर "आपलं चर्च पोर्तुगीजांनी बांधलं" असं वाक्य कोणाच्या तरी शुभेच्छा-संदेशात घुसेल आणि छापलंही जाईल.

आता तारीख. इमारतीला किंवा ट्रस्टला स्थापना मानायची पद्धत आपल्याकडे पडली आहे ती कागद तेवढेच सापडतात म्हणून. बॅप्टिस्ट समजुतीत मंडळी म्हणजे स्वतःच्या विश्वासाची कबुली देऊन बाप्तिस्मा घेतलेली माणसं, एकमेकांशी करार करून एकत्र आलेली. हा करार ज्या दिवशी वाचला गेला आणि त्याखाली सह्या झाल्या, ती स्थापना. त्याआधीच्या सभा म्हणजे पूर्वतयारी. इतिवृत्ताच्या पहिल्या वहीची पहिली दोन-तीन पानं नीट वाचा. "आज रोजी खालील सभासदांनी मिळून मंडळी स्थापन केली" अशा अर्थाची ओळ आणि खाली नावं बहुधा तिथेच मिळतील. त्या नावांपुढच्या सह्या मोजा. तोच तुमचा पहिला आकडा.

करार सापडलाच नाही, तर पहिल्या प्रभुभोजनाची (भाकर-द्राक्षरसाच्या विधीची) किंवा पाळक आणि डीकन (मंडळीचे निवडलेले सेवक-कारभारी) निवडण्यासाठी झालेल्या पहिल्या मतदानाची तारीख धरा. मतदान झालं याचाच अर्थ मत देणारे सभासद होते.

---

जुनीवही

तलावपाळी यांनी लिहिलंय ते शंभर टक्के. त्याला जोडून थोडा मागचा इतिहास देतो, कारण त्याशिवाय तुमची सभासद नोंदवही वाचता येणार नाही.

मराठी आणि बॅप्टिस्ट यांचं नातं जुनं आहे, पण ते जुळलं बंगालात. विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात उतरला आणि १८०० पासून कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला राहिला. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवताना वैजनाथ शास्त्रींच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. त्याच वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आलं, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ मध्ये नवा करार. म्हणजे मराठी छापील ग्रंथांच्या आरंभीच्या पानांवर एका बॅप्टिस्टाचं नाव आहे.

तरीही महाराष्ट्रात बॅप्टिस्ट मंडळ्या थोड्या. मिशन संस्थांनी आपापसांत प्रदेश वाटून घेतले होते आणि एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने शिरायचं नाही असा संकेत होता. मुंबईत १८१३ पासून आणि नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन, नाशिकजवळ शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटी, जालन्याला नारायण शेषाद्रींचं स्कॉटिश मिशनचं काम. यांतले कोणीच बॅप्टिस्ट नव्हते आणि सगळे लहान बाळांना पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्ट मिशनचं मोठं काम मराठी मुलखाबाहेर झालं: बंगाल, ओडिशा, तेलुगू प्रदेश, आसामचे डोंगर. मराठी मुलखात अपवाद विदर्भाचा. अचलपूर-मेळघाटाकडे अमेरिकन कन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्टांचं काम दुसऱ्या महायुद्धानंतर पसरलं.

म्हणून नवी मुंबईतल्या मराठी बॅप्टिस्ट मंडळीची नोंदवही उघडली की तिथली घराणी बहुधा नगर, जालना, नाशिक, सोलापूरकडची निघतात, म्हणजे मुळात दुसऱ्या पंथांची. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा, २९ नोव्हेंबर १९७०. त्या दिवशी नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्या सहांमध्ये ब्रिटिश बॅप्टिस्ट मिशनमधून निघालेल्या उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्याही होत्या. जुन्या पत्रव्यवहारात एखाद्या गावची मंडळी १९६८ मध्ये 'बॅप्टिस्ट' आणि १९७२ मध्ये 'सी.एन.आय.' दिसली, तर ती दुसरी समजू नका. तीच असू शकते.

---

घणसोलीकर

जुनीवही, हे नेमकं लागू पडतं. नोंदवहीत मूळ गावाच्या रकान्यात नगर जिल्हा पानापानावर आहे. आणि बरीच कुटुंबं वीस-वीस वर्षं येतात, अर्पण देतात, संडे स्कूल चालवतात, पण सभासद म्हणून त्यांचं नाव नाही. याचं कारण तेच का?

---

पारसिक

हो, बहुतेक ठिकाणी तेच. मंडळीची घटना काढा आणि सभासदत्वाचं कलम वाचा. दोन प्रकार असतात. काही मंडळ्या बुडवून, तेही विश्वासाची कबुली देण्याइतक्या वयात झालेला बाप्तिस्माच मानतात. नगरला बाळपणी बाप्तिस्मा झालेल्या माणसाला तिथे सभासद व्हायचं तर पाण्यात उतरावं लागतं. अनेकांना ते आईवडिलांच्या श्रद्धेचा अपमान केल्यासारखं वाटतं, म्हणून ते येत राहतात पण नाव देत नाहीत. काही मंडळ्या अशा लोकांना सहयोगी सभासद म्हणून घेतात, कधी मताचा हक्क देऊन, कधी न देता. हे कलम कोणत्या सभेत बदललं, ते इतिवृत्तात शोधा. कलम बदललेल्या वर्षी सभासदसंख्या एकदम उडी मारते. पुढचा वाचक त्या उडीला आध्यात्मिक जागृती समजेल. ती नियम बदलल्याची उडी होती, हे तुम्हालाच लिहावं लागेल.

आता मोजणी. तीन आकडे वेगळे ठेवा, मिसळू नका: नोंदवहीतले सभासद, रविवारची सरासरी उपस्थिती आणि संडे स्कूलचा पट. सभासदांचा दरवर्षीचा हिशेब असा मांडायचा:

वर्षारंभीचे सभासद + बाप्तिस्म्याने आलेले + बदलीपत्राने आलेले − बदलीपत्राने गेलेले − मृत्यू − नाव कमी केलेले = वर्षअखेरचे सभासद

हा ताळा ज्या वर्षी जुळत नाही, तिथे बोट ठेवा. न जुळण्याची कारणं ठरलेली असतात. माणूस पनवेलला राहायला जातो, बदलीपत्र मागत नाही, नाव वहीत तसंच राहतं. लग्नानंतर मुलगी सासरच्या मंडळीत जाते, नाव इकडेच. मग दहा-बारा वर्षांनी कोणी उत्साही सचिव वही साफ करतो आणि एका झटक्यात चाळीस-पन्नास नावं उडतात. आलेखात तो खड्डा फुटीसारखा दिसतो. प्रत्यक्षात त्या वर्षी कोणीच गेलेलं नसतं. म्हणून उडवलेली नावं शक्य तिथे खऱ्या जाण्याच्या वर्षात परत नेऊन मांडा, आणि तसं केल्याची तळटीप द्या.

उपस्थितीसाठी ईस्टर आणि नाताळचे आकडे घेऊ नका. दरवर्षी तेच चार महिने धरा, उदाहरणार्थ फेब्रुवारी, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर. मे घेतलात तर अर्धी मंडळी गावाला गेलेली असते.

सगळ्यांत बोलका आकडा संडे स्कूलचा. नव्या वसाहतीत तरुण जोडपी येतात तेव्हा आधी मुलांचा पट फुगतो. सात-आठ वर्षांनी तीच मुलं बाप्तिस्म्याच्या वर्गात बसतात. दोन्ही रेषा एका कागदावर काढल्या की हे अंतर डोळ्यांना दिसतं. पट फुगला पण आठ वर्षांनी बाप्तिस्मे वाढले नाहीत, तर मधल्या काळात तरुण संघाचं काय झालं, हा प्रश्न स्मरणिकेने विचारायलाच हवा.

---

जुनीवही

बाप्तिस्म्याच्या रजिस्टरबद्दल थोडं. एक पान समोर धरलं की साधारण हे रकाने दिसतात: अनुक्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, राहण्याचं ठिकाण, कबुली ऐकल्याची तारीख, बाप्तिस्म्याची तारीख, स्थळ, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही, शेरा. लोक नाव आणि तारीख उतरवून घेतात आणि बाकीचं सोडतात. सोडू नका.

'स्थळ' म्हणजे इमारतीचा इतिहास. सुरुवातीला तिथे मुंबईतल्या कुठल्या तरी मंडळीचं नाव असतं, कारण बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरायचा स्वतःचा हौद नसतो. मग कधी नदी, कधी शेततळं. एका पानापासून 'येथेच' किंवा नुसता '"' असा 'वरीलप्रमाणे' या खुणेचा फटका सुरू होतो. त्या दिवशी तुमचा हौद वापरात आला. समर्पणाच्या पाटीवरची तारीख यानंतरची असू शकते.

'राहण्याचं ठिकाण' म्हणजे वाढीचा नकाशा. वाशी, मग नेरुळ, कोपरखैरणे, ऐरोली, मग घणसोली, खारघर. पाच-पाच वर्षांचे गट करून एका नकाशावर ठिपके मारा.

'सही' म्हणजे पाळकांची यादी. दोन पाळकांमधल्या रिकाम्या काळात बाहेरून कोण येत होतं, हे फक्त इथेच कळतं.

'शेरा' रकान्यातलं मात्र छापू नका. तिथे शिस्तीच्या कारवाया, घरगुती भांडणं असलं काहीही असतं.

---

सिव्हिल_कळवा

हौदाचा विषय निघालाच आहे तर त्यावर नीट लिहितो. स्मरणिकेत हौदाला दोन ओळी मिळतात, पण मंडळीचं बरंचसं बांधकाम त्याच्याभोवती फिरतं.

आतलं माप ८ फूट लांब, ५ फूट रुंद, पाणी साडेतीन फूट, हे चालण्याजोगं माप. पाच फूट दोन इंचाच्या माणसाला पाणी कमरेच्या वर येतं, पाळक बाजूला उभे राहून त्याला मागे झुकवू शकतात. लांबी ७ फुटांखाली नको, डोकं भिंतीवर आपटण्याची भीती. १४० घनफूट म्हणजे जवळपास ४,००० लिटर, वजन चार टन.

हे चार टन कुठे ठेवायचे, यावरच सगळं आहे. साडेतीन फूट पाण्याचा भार दर चौरस मीटरला हजार किलोच्या वर जातो. सभागृहाचा स्लॅब साधारण चारशे ते पाचशे किलो धरून काढलेला असतो. म्हणजे दुप्पट. म्हणून भाड्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये व्यासपीठाखाली हौद बांधायचा मोह टाळायचा. स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सहीशिवाय फायबरचा तयार हौदसुद्धा स्लॅबवर ठेवायचा नाही, कारण वजन हौदाचं नसतं, पाण्याचं असतं. तळमजल्यावर जमिनीत खोदून घेतलेला हौद सर्वांत उत्तम.

काँक्रीट एम ३० या प्रतीच्या खालचं नको, भिंत ६ इंच, सळईची दोन्ही बाजूंनी जाळी. गळती बहुतेक वेळा भिंतीतून होत नाही. निचऱ्याचा पाइप काँक्रीटमधून बाहेर पडतो तिथे होते. तिथे पडल फ्लँज (पाइपभोवतीची पाणी अडवणारी चकती) काँक्रीट ओततानाच बसवायचा. नंतर छिद्र पाडून पाइप घातला की तो गळणारच. निचरा दोन इंची. टाइल लावण्याआधी हौद भरून किमान ७२ तास ठेवायचा. पातळीवर पेन्सिलची खूण करायची आणि शेजारी एक भरलेली बादली ठेवून तिच्यावरही तशीच खूण. बादलीइतकंच पाणी उतरलं तर ते हवेत गेलं. जास्त उतरलं तर हौद गळतोय.

पायऱ्यांना न घसरणारी टाइल, दोन्ही बाजूंना स्टीलचा कठडा. पाणी भरायला वेळ लागतो: मिनिटाला २० लिटर देणाऱ्या नळाने सव्वातीन तास. शनिवारी संध्याकाळी नळ सोडून त्याच्याजवळ माणूस बसवायचा, रविवारी सकाळी भरू म्हटलं तर उपासना संपेपर्यंत हौद अर्धा.

विजेबद्दल हात जोडून सांगतो. पाण्यात उभ्या असलेल्या कोणाच्याही हातात वायरचा माईक द्यायचा नाही. पाणी कोमट करायला रॉड टाकायचा नाही. त्या बाजूच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारं बटण) हवंच. माईक काठावर स्टँडला, हौदापासून हात पोचणार नाही इतका लांब.

झग्यांसाठी जाड टेरिकॉट घ्या, सुती कापड भिजल्यावर अंगाला चिकटतं आणि आरपार दिसतं. खालच्या काठात शिशाच्या गोळ्या शिवून घ्या, म्हणजे झगा तरंगत नाही.

---

स्त्रीसमाज_ऐरोली

सिव्हिल_कळवा दादा, झग्यांचं लिहिलंत हे बरं केलंत. स्त्रियांसाठी हौदाला लागूनच कपडे बदलायची खोली आणि मध्ये पडदा असावा. बऱ्याच ठिकाणी ही खोली नकाशातच नसते. मग ओल्या कपड्यांनी सगळ्या मंडळीसमोरून चालत जावं लागतं आणि वयस्क बाया त्या लाजेपायी बाप्तिस्मा पुढे ढकलतात. वाढीच्या आकड्यांत हे कारण कोणी लिहीत नाही, पण खोली झाल्यावरच्या दोन वर्षांत रजिस्टरातली स्त्रियांची नावं मोजून पाहा.

शिवाय समितीला विनंती, स्त्री समाजाच्या वह्या वेगळ्या मागवा. त्या चर्चच्या कपाटात नसतात, अध्यक्षा किंवा खजिनदार बाईंच्या घरी असतात. घरसभा कोणत्या नोडमध्ये (सिडकोच्या वसाहतीत), कोणाच्या घरी, कोणत्या वारी, किती बाया, हे सगळं त्यात असतं. मूठभर तांदळाच्या अर्पणाचा हिशेबसुद्धा: रोज स्वयंपाकाआधी एक मूठ बाजूला काढायची, महिन्याने आणून विकायची. कार्यकारिणीच्या इतिवृत्तात घरसभा येते ती "मंजूर" एवढ्या एका शब्दात.

---

नोंदणी_कट्टा

कायद्याच्या कागदांबद्दल. तुमच्या हातातलं ट्रस्टचं प्रमाणपत्र हा सगळ्यांत कमी बोलणारा कागद. धर्मादाय आयुक्तांच्या ठाण्याच्या कार्यालयातून हे मागवा: परिशिष्ट १ चा उतारा (विश्वस्त आणि मालमत्तेची सरकारी नोंद), नोंदणीच्या वेळचा मूळ अर्ज आणि त्यासोबतची घटना, आणि आजवरचे सगळे बदल अर्ज. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त किंवा मालमत्तेत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हे अर्ज तारखेने लावले की विश्वस्तांची पूर्ण वंशावळ तयार होते. अर्ज वर्षानुवर्षं दिलेच नसतील, तर ते स्मरणिकेच्या निमित्ताने कळलं हे चांगलंच. आधी वकिलाकडे जा, विलंब माफीचा अर्ज जोडून ते पूर्ण करा. उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं विश्वस्त म्हणून असतील तर बँक आणि जमीन, दोन्हीकडे काम अडतं.

नोंदणी क्रमांकात 'एफ' अक्षर असेल, तर तुमची संस्था सोसायटी म्हणूनही १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली आहे. म्हणजे आणखी एक प्रमाणपत्र आणि संस्थापक सात किंवा अधिक सदस्यांच्या सह्यांचं मेमोरँडम अस्तित्वात आहे. त्या सह्या करारावरच्या सह्यांशी ताडून पाहा.

जमिनीचे कागद सिडकोचे. क्रम असा: वाटपपत्र, पैसे भरल्याच्या पावत्या, ॲग्रीमेंट टू लीज, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, मग ६० वर्षांचा भाडेपट्टा. जमीन विकत मिळत नाही, भाडेपट्ट्याने मिळते. त्यामुळे स्मरणिकेत "मंडळीने जागा विकत घेतली" असं लिहू नका. वाटप आणि भोगवटा यांत मोठं अंतर असेल, तर मध्ये मुदतवाढीसाठी भरलेल्या जादा अधिमूल्याच्या पावत्या मिळतील. मंडळीकडे पैसे कधी आटले ते त्या पावत्या सांगतात.

लग्नाचं रजिस्टर विसरलात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ प्रमाणे ते ठेवावंच लागतं, म्हणून बाकी वह्या हरवल्या तरी ते बहुधा शाबूत असतं. वधू, वर, लग्न लावणारे आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या त्यात असतात. साक्षीदारांत मंडळीचे जुने डीकन वारंवार दिसतात, त्यावरून कोण कोणत्या वर्षी सक्रिय होतं हे कळतं.

---

तलावपाळी

बदलीपत्रांच्या फाइलकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहितो. तो खजिना आहे. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर पाठवणाऱ्या मंडळीचं नाव, गाव, संघ असतो. नवी मुंबईत ही पत्रं तीन-चार दिशांनी येतात.

नेल्लोर, ओंगोलकडची तेलुगू पत्रं: त्यांची परंपरा अमेरिकन बॅप्टिस्टांची. १८७८ मध्ये ओंगोल भागात ३ जुलै या एकाच दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला होता. तिथल्या घराण्यांना ही तारीख पाठ असते. नागालँडची पत्रं: १८७२ मध्ये एडवर्ड क्लार्क आणि गोधुला यांच्या कामातून आओ नागांमध्ये पहिली मंडळी झाली. मिझोरामचं पत्र आलं तर गाव पाहा. लुंगलेई, म्हणजे दक्षिणेकडचं, असेल तर बॅप्टिस्ट. ऐझॉलकडचं बहुधा प्रेसबिटेरियन, आणि मग पुन्हा तोच बाळपणीच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न.

पत्रांची भाषावार मोजणी केली की तेलुगू किंवा हिंदी उपासना वेगळी का सुरू झाली, ते आपोआप कळतं. इथे एक मत स्पष्ट मांडतो. वेगळ्या भाषेची उपासना सुरू होऊन तिची पुढे स्वतंत्र मंडळी झाली, तर तुमचा आकडा घटतो. ती घट फुटीच्या खात्यात टाकू नका. इतिवृत्तात पाठवणीचा ठराव आणि आशीर्वादाची प्रार्थना आहे का, ते पाहा. असेल तर ती लेक सासरी गेली. तिच्या आजच्या सभासदांचा आकडा स्मरणिकेत वेगळ्या रकान्यात दाखवा.

---

पारसिक

आणि खरी फूट झाली असेल तर? माझ्या मते लिहावी. सभेची तारीख, ठराव, बाजूने किती, विरोधात किती, त्यानंतर सहा महिन्यांत गेलेल्यांची संख्या. आरोप आणि नावं नकोत. बॅप्टिस्ट मंडळीत निर्णय सभासदांच्या मताने होतो, बिशप नसतो. तेव्हा मतांचे आकडे हाच इतिहास. तो वगळला तर पुढची तीन वर्षं अर्पण का घटलं, याचा उलगडा होणार नाही.

---

स्त्रीसमाज_ऐरोली

सहमत. फक्त दोन्ही बाजूंच्या हयात माणसांना मजकूर छापण्याआधी वाचायला द्या.

आणि म्हाताऱ्या सभासदांना साल विचारू नका, खूण विचारा. "वाशीचा पूल होता का तेव्हा?" पहिला पूल १९७३ चा. "मानखुर्दहून लोकलने यायचात की बसने?" वाशीला लोकल ९ मे १९९२ ला आली. "ठाण्याहून थेट गाडी होती?" ती नोव्हेंबर २००४ पासून. "२६ जुलैच्या पावसाआधी की नंतर?" म्हणजे २००५. एवढ्या चार खुणांवर बऱ्याचशा आठवणी दोन-तीन वर्षांच्या आत बसतात. एकाच प्रसंगाबद्दल दोघांना वेगवेगळं भेटा. एकत्र बसवलं की एक बोलतो आणि दुसरा मान डोलावतो.

---

घणसोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतिवृत्ताची पहिली वही पाहिली. तिसऱ्या पानावर करार आहे, खाली सतरा सह्या आणि दोन अंगठे. स्थापना त्याच तारखेची धरायची असं समितीत ठरवून घेतो. आता चिकटलेल्या पानांचं आणि फोटोंचं कोणी सांगेल का?

---

जुनीवही

एकोणीस माणसं! ते पान सर्वांत आधी स्कॅन करा, आणि अंगठ्यांपुढे "निशाणी डावा हात अंगठा" याच्या शेजारी नाव लिहिणाऱ्याचं अक्षर कोणाचं ते पाहा. बहुधा पहिल्या सचिवांचं असतं.

चिकटलेली पानं ओढू नका, वाफ देऊ नका, उन्हात टाकू नका. रजिस्टर कोरड्या खोलीत पंख्याखाली उभं, किंचित उघडून दोन-तीन आठवडे ठेवा. मग पातळ, बोथट प्लास्टिकची पट्टी कडेने सरकवून पाहा. अडली की थांबा. शाई कसली आहे ते तपासा: न लागणाऱ्या कोपऱ्यात ओला कापूस अलगद टेकवा. बॉलपेन उतरत नाही. दौतीची निळी शाई लगेच पसरते, आणि तशी असेल तर घरी काहीही करू नका. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. टेपचा गोंद पिवळा पडून अक्षर खातो, लॅमिनेशन परत सोडवता येत नाही.

स्कॅन कागदांचं ३०० डीपीआय, फोटोंचं ६००. फाइलला नाव आधी साल, मग वही, मग पान. तीन प्रती: एक चर्चच्या संगणकावर, एक वेगळ्या घरी हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. चेहरे ओळखायला फोटोची मोठी झेरॉक्स काढून प्रत्येक डोक्यावर आकडा टाका आणि ती झेरॉक्स रविवारी चहाच्या टेबलावर पेनासकट ठेवा. दोन रविवारांत बरीच नावं भरून येतात. बिस्किटांचा पत्र्याचा डबा बदला, आतून गंजतो. आम्लविरहित कागदाची पाकिटं आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. पुड्या पावसाळ्यात दर महिन्याला बदलायच्या.

स्मरणिका छापून झाली की दोन प्रती आणि स्कॅनचा संच बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या अभिलेखागाराला द्यायचा विचार करा. तिथे भारतातल्या चर्चचे कागद जपले जातात. पाठवण्याआधी त्यांना पत्र लिहून कोणत्या स्वरूपात हवं ते विचारा, आणि शेरा रकाना असलेली पानं त्या संचातून वगळा.